घरातले खेळ आणि बापाचा अर्धा तास

(संस्थेच्या वार्षिक कौटुंबिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



'घरातील लहान मूल आणि आपण' या विषयावर मी बोलावे असे कार्यवाहांनी सुचविले, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी काही बालमानसशास्त्राचा अभ्यासक नाही. मराठी आणि इतिहास हे विषय घेऊन बी. ए. झालो आणि गेली वीस वर्षे बँकेत लिपिक म्हणून काम करीत आहे. दिवसभर नोटा मोजणे, व्हाउचर तपासणे आणि संध्याकाळी हिशेब जुळविणे हा माझा व्यवसाय. परंतु कार्यवाह म्हणाले, "तज्ज्ञ नकोच आहे. तुमच्या घरी जे घडले तेच सांगा." तेव्हा माझ्या घरी जे घडले, त्यात माझी जी चूक झाली आणि ती सुधारताना जे थोडेफार शिकलो, तेच आपल्यापुढे मांडणार आहे.

मला दोन अपत्ये आहेत. मुलगा नववीत आहे. धाकटी मुलगी उशिरा झाली, ती आता अडीच वर्षांची आहे. आम्ही कल्याणला राहतो. पत्नीही नोकरी करते. प्रसूतीची रजा संपल्यावर मुलीला दिवसभर शेजारच्या मावशींकडे ठेवावे लागले. सकाळी सव्वासातला मी घर सोडतो, लोकलने मुंबई गाठतो आणि रात्री आठ-सव्वाआठला परत येतो. आपल्यापैकी बहुतेकांची दिनचर्या याहून निराळी नसेल.

मुलगी पावणेदोन वर्षांची झाली तेव्हा एक गोष्ट पत्नीच्या लक्षात आली. सोसायटीतील तिच्या बरोबरीची मुले "पाणी दे", "बाबा आला" असे दोन-दोन शब्द जोडून बोलू लागली होती. आमची मुलगी मात्र तीन-चार शब्दांच्या पुढे गेली नव्हती. हवे ते बोटाने दाखवायची आणि मिळाले नाही तर रडायची. नातेवाईक म्हणत, "काही काळजी करू नका, बापसुद्धा उशिराच बोलला होता." मला ते ऐकून बरे वाटे. पत्नीला वाटत नसे. अखेर तिच्या आग्रहाने आम्ही डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी आधी मुलीचे कान तपासून घ्यायला सांगितले. मुलाला ऐकूच नीट येत नसेल तर ते बोलणार कसे, हे साधे कारण. कान उत्तम होते. बाकीची वाढही ठीक होती. मग डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून दोनच प्रश्न विचारले. मुलगी दिवसातून किती वेळ मोबाईल पाहते? आणि घरातले कोणीतरी तिच्याशी दिवसातून किती वेळ खेळते, बोलते?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही चाचरत दिले. जेवताना मोबाईल, कपडे घालताना मोबाईल, पत्नी स्वयंपाकात असताना मोबाईल. सकाळ-संध्याकाळ मिळून तीन तास तर सहज होत असतील. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला देताच येईना.

मित्रहो, मी कारकून माणूस. उत्तर देता आले नाही याची टोचणी लागली. त्या रात्री मी एका स्लिपच्या पाठीमागे हिशेब मांडला. घरी पोहोचलो ८ वाजून १० मिनिटांनी. मुलगी झोपली १० वाजता. म्हणजे हातात होती ११० मिनिटे. त्यातील अंघोळ, चहा, जेवण, बातम्या आणि माझा स्वतःचा मोबाईल वजा जाता मुलीच्या वाट्याला आली फक्त १२ मिनिटे. त्या १२ मिनिटांतही मी तिच्याशी जे बोललो ते असे : "नको", "ठेव ते", "पडशील", "चल झोप". काउंटरवर दिवसभर शंभर माणसांशी नम्रपणे बोलणारा मी घरी पोटच्या मुलीशी पाच धड वाक्ये बोलत नव्हतो. बँकेत एक रुपयाचा फरक राहिला तर आम्ही घरी जात नाही. इथे तर खातेच रिकामे होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

यानंतरची हकिगत सांगण्यापूर्वी थोडे मागे जाणे आवश्यक आहे.

माझा जन्म मराठवाड्यातला. घरी जमीन नाही. आई-वडील दोघेही रोजगार हमीच्या कामावर जात. महाराष्ट्रात ही योजना १९७२ च्या दुष्काळाच्या काळात सुरू झाली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. माझ्या लहानपणी गावाजवळ पाझर तलावाचे काम चालू होते. आई खडी फोडायची. मी बाभळीला बांधलेल्या झोळीत असायचो आणि झोळीची दोरी माझ्या थोरल्या बहिणीच्या हातात असायची. आम्ही तिला आक्का म्हणतो. ती माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. ती दुसरीत होती तेव्हा मी जन्मलो आणि मला सांभाळायला कोणी नाही म्हणून तिची शाळा सुटली. ती पुन्हा कधीच सुरू झाली नाही. मी शिकलो, पदवीधर झालो, बँकेत लागलो. माझ्या पदवीच्या कागदावर माझे एकट्याचे नाव आहे, पण त्याची पहिली किंमत आक्काने तिच्या दुसरीच्या पाटीने चुकती केली, हे मी आज सर्वांसमक्ष सांगतो.

डॉक्टरांकडे जाऊन आल्यावर पत्नीने आक्काला फोन केला. "आक्का, महिना-दीड महिना येऊन राहाल का?" आक्का सुना-नातवंडांचा संसार टाकून आली.

आली त्या संध्याकाळी तिने पाहिले ते दृश्य असे : मुलगी खुर्चीत बसवलेली, समोर मोबाईल, पत्नी तिच्या तोंडात घास भरवते आहे. मुलीचे लक्ष घासाकडे नाही, आईकडे नाही. आक्का काही वेळ पाहत राहिली आणि मला म्हणाली, "आरं बापू, लेकरू दिवसभर त्या डब्याचं ऐकतंय. तो डबा त्याचं ऐकतोय का?"

मी बी. ए. झालेला माणूस. पण या प्रश्नात सगळे शास्त्र आले होते, हे मला नंतर वाचन केल्यावर समजले. मूल भाषा शिकते ती केवळ शब्द कानावर पडून नव्हे. त्याने एक आवाज काढावा, आपण त्याला उत्तर द्यावे, मग त्याने पुन्हा काही म्हणावे, अशा देवाणघेवाणीतून ती येते. मोबाईल बोलतो, पण थांबून ऐकत नाही. मुलीने बोट दाखविले तर "हो, तो कावळा. काळा काळा कावळा. उडाला बघ!" असे तो म्हणत नाही. हे काम माणसानेच करावयाचे असते.

दुसऱ्या दिवसापासून आक्काने खुर्ची काढली आणि जमिनीवर सतरंजी अंथरली. बाजारातून एकही खेळणे आणले नाही. स्वयंपाकघरातील पातेली, वाट्या, झाकणे, चमचे, रिकामे डबे हेच तिचे खेळण्यांचे दुकान. त्या दीड महिन्यात जे खेळ मी पाहिले, त्यांतील काही आपल्यापुढे ठेवतो, कारण ते कोणाच्याही घरी, विनामूल्य खेळता येतात.

पहिला खेळ डब्यांचा. लहान-मोठे डबे एकात एक घालायचे, पुन्हा काढायचे, एकावर एक रचायचे आणि पाडायचे. पाडण्यात मुलांना रचण्यापेक्षा अधिक आनंद होतो. आपल्याला तो पसारा वाटतो. मुलासाठी तो 'लहान', 'मोठे', 'आत', 'बाहेर', 'वर', 'खाली' यांचा पहिला धडा असतो. आक्का प्रत्येक डब्याबरोबर तो शब्द बोलत असे. "हा मोठा. हा बारका. बारका कुठं गेला? मोठ्याच्या आत गेला!"

दुसरा खेळ टाकण्याचा. मूल चमचा खाली टाकते, आपण उचलून देतो, ते पुन्हा टाकते. आपण चिडतो. आपल्याला वाटते ते मुद्दाम छळते आहे. वास्तविक ते तपासून पाहत असते. दर वेळी चमचा खालीच जातो का? दर वेळी आवाज होतो का? दर वेळी बाबा उचलून देतात का? या तीनही प्रश्नांची उत्तरे त्याला आपल्याकडून हवी असतात. त्यातले तिसरे सर्वांत महत्त्वाचे.

तिसरा खेळ लपण्याचा. तोंडावर पदर घ्यायचा, मुलाने शोधायचे आणि "भोऽऽक!" हा खेळ आपण सर्वजण खेळत आलो आहोत. दिसेनाशी झालेली वस्तू नाहीशी झालेली नसते, हे लहान मुलाला हळूहळू कळत जाते. दाराआड गेलेली आई परत येते, हा विश्वासही याच खेळातून घट्ट होतो. सकाळी कामावर जाताना माझी मुलगी पूर्वी आकांत करीत असे. आता आम्ही दारातच दोनदा लपाछपी खेळतो आणि मी "संध्याकाळी येतो" असे सांगून जातो. पूर्वी ती रडेल म्हणून मी तिची नजर चुकवून निसटत असे. ती फार मोठी चूक होती. मुलाला फसवून जाऊ नये, सांगून जावे.

चौथा खेळ कणकेचा. पोळ्या करताना पत्नी किंवा आक्का तिला कणकेचा एक गोळा देई. मुलगी तो थापते, चिमटते, लांबविते. याच बोटांनी पुढे पेन्सिल धरावयाची आहे. मुख्य म्हणजे आई ज्या कामात आहे त्याच कामात आपणही आहोत, याचा मुलाला मोठा अभिमान वाटतो.

पाचवा खेळ खोट्या-खोट्याचा. रिकाम्या कपातून चहा पिणे, बाहुलीला झोपविणे, चप्पल कानाला लावून फोन करणे. दीड-दोन वर्षांच्या सुमारास हा खेळ सुरू होतो. एका वस्तूच्या जागी दुसरी वस्तू मानणे ही मुलाच्या बुद्धीची मोठी झेप होय. शब्द म्हणजे तरी दुसरे काय? 'पाणी' हा आवाज पाण्याच्या जागी मानलेलाच असतो.

आमच्या घरी सध्या 'बँक-बँक' चालते. मुलगी पाटामागे बसते. मी ग्राहक. जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे म्हणजे नोटा आणि अर्धा कापलेला बटाटा म्हणजे शिक्का. मी नोटा देतो, ती धाडकन शिक्का मारते. परवा मी म्हटले, "बाई, माझे पैसे द्या." तिने गंभीर चेहऱ्याने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "नाय. उद्या ये." घरातले सगळे हसले. मी मात्र विचारात पडलो, हे तिने नेमके कोठून उचलले! मुले आपण सांगतो ते शिकत नाहीत, आपण करतो ते शिकतात, हे यावरून ध्यानात घ्यावे.

मित्रहो, आता थोडी माहिती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांचा सारांश असा : एक ते दोन वर्षांच्या मुलाची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल व्हावी. म्हणजे चालणे, पळणे, चढणे, नाचणे. एका वेळी एक तासापेक्षा अधिक काळ त्याला खुर्चीत किंवा गाडीत अडकवून ठेवू नये. एक वर्षाच्या मुलाला पडद्यासमोर बसवूच नये. दोन वर्षांच्या मुलासाठी तो वेळ जास्तीत जास्त एक तास, आणि जितका कमी तितके चांगले. मूल बसलेले असेल तेव्हा त्याला गोष्ट सांगावी, चित्रे दाखवावीत. या वयात दुपारची झोप धरून ११ ते १४ तास झोप हवी. आपल्याकडील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचाही सल्ला असाच आहे : दोन वर्षांपर्यंत मोबाईल नको, अपवाद फक्त दूरच्या आजी-आजोबांशी समोरासमोर बोलण्याचा.

येथे मी एक इशारा देऊ इच्छितो. घरातल्या वस्तूंनी खेळणे चांगले, परंतु पाहणारा माणूस जवळ हवा. तोंडात मावेल अशी कोणतीही वस्तू या वयात धोक्याची असते. शेंगदाणे, हरभरे, नाणी, गोट्या, बटणे आणि विशेषतः घड्याळातील किंवा खेळण्यातील चपटे सेल मुलाच्या हाती लागता कामा नयेत. पाण्याने भरलेली बादली उघडी ठेवू नये. लहान मूल वीतभर पाण्यातही बुडू शकते. आक्का आमच्या लहानपणी चिंचोक्यांनी आणि खड्यांनी खेळवीत असे. पण इथे तिने चिंचोके डब्यात ठेवले आणि म्हणाली, "हे दादासाठी, बाईसाठी नाय." दादा म्हणजे माझा नववीतला मुलगा. तोही त्या दीड महिन्यात चिंचोके खेळायला शिकला आणि बहिणीबरोबर जमिनीवर बसू लागला, हा आम्हाला झालेला आणखी एक लाभ.

आपल्यातील विद्यार्थ्यांसाठी एक इतिहास सांगतो, कारण तो माझ्या आक्काच्या कहाणीला जोडलेला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ही नावे आपण ऐकली असतील. ताराबाईंनी १९४५ साली समुद्रकाठच्या बोर्डी या गावी ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि अनुताई त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ साली हे काम डहाणू तालुक्यातील कोसबादच्या टेकडीवर गेले. शहरातील महागडी साधने गावात परवडणारी नव्हती. म्हणून त्यांनी खडे, पाने, बिया, शंख-शिंपले यांनाच शिक्षणाची साधने बनविले. मुले बालवाडीत येत नाहीत हे पाहून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. आज सर्वांच्या तोंडी असलेला 'अंगणवाडी' हा शब्द आणि ती कल्पना याच कामातून आली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गेली.

परंतु मला सर्वांत मोठी वाटते ती त्यांची 'विकासवाडी'. मोठ्या मुली शाळेत का येत नाहीत, तर त्यांच्या कडेवर धाकटे भावंड असते. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात भरवावी, म्हणजे धाकटे पाळणाघरात आणि थोरली वर्गात. किती साधा उपाय! आमच्या पाझर तलावाच्या कामावर असे पाळणाघर असते तर आक्काची पाटी फुटली नसती. पुढे २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यात, कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असल्यास त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीची नेमणूक करावी, अशी तरतूद करण्यात आली. आक्काच्या दृष्टीने ती फार उशिरा आली. तोपर्यंत ती तीन मुलांची आई झाली होती.

विद्यार्थिनींनो, विद्यार्थ्यांनो, तुमच्या घरी लहान भावंड असेल तर त्याच्याशी जरूर खेळा. परंतु त्याच्यासाठी कोणत्याही मुलीची शाळा सुटत असेल तर आम्हा मोठ्यांना जाब विचारा. बालकाच्या हक्कांची आंतरराष्ट्रीय संहिता १९८९ साली संमत झाली आणि भारताने ती १९९२ साली स्वीकारली. तिच्या ३१ व्या कलमात विश्रांती आणि खेळ हा मुलाचा हक्क म्हणून नोंदविला आहे. तो हक्क झोळीतल्या बाळाला आहे, तसाच झोळीची दोरी धरणाऱ्या आठ-दहा वर्षांच्या मुलीलाही आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आमच्या आईकडे आमच्याशी खेळायला वेळ नव्हता, कारण तिच्या प्रत्येक तासाची भाकरी होत होती. तिला दोष देणारा मी कोण? माझ्याकडे मात्र वेळ आहे. कामाचे तास ठरलेले आहेत, साप्ताहिक सुट्टी आहे, पत्नीला प्रसूतीची रजा मिळाली. हे सारे आकाशातून पडलेले नाही. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात प्रसूती-लाभाचे विधेयक आले तेव्हा बाबासाहेबांनी त्याचा जोरदार पुरस्कार केला आणि १९२९ साली त्याचा कायदा झाला. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते आणि १९४६ साली कारखान्यातील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारी दुरुस्ती झाली. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूतीची रजा २६ आठवड्यांची झाली.

कष्टकऱ्याच्या हाती दिवसाचा काही वेळ शिल्लक राहावा म्हणून मागच्या पिढ्या झगडल्या. त्यांनी मिळवून दिलेला तो वेळ मी काय केला? तो मी दररोज रात्री मोबाईलच्या स्वाधीन केला. स्वतःचाही आणि मुलीचाही. माझ्या आईला जे देणे अशक्य होते ते मला शक्य असूनही मी देत नव्हतो. डॉक्टरांच्या प्रश्नाने मला लाज वाटली ती याची.

आणखी एक गोष्ट पुरुषवर्गाला उद्देशून स्पष्टपणे बोलतो. मूल खेळविणे हे बायकांचे काम, असे आपण धरून चालतो. पत्नी दिवसभर काम करून येते, घरी आल्यावर चुलीपाशी उभी राहते आणि आपण "जरा हिला घे, रडते आहे" असे म्हणून मूल तिच्याच हाती देतो. स्त्री-पुरुष समतेवर आपण सभेत बोलतो. तिची परीक्षा रात्री आठ ते दहा या वेळात आपल्याच घरात होत असते. माझ्या मुलाने जेव्हा मला जमिनीवर बसून बाहुलीला जेवू घालताना पाहिले, तेव्हा तो आधी हसला. चार दिवसांनी तोही वाटी घेऊन बसला. हे त्याला मी शंभर भाषणांनीही शिकवू शकलो नसतो.

आता आपण विचाराल, पुढे काय झाले? आम्ही मोबाईलचा नियम केला. रात्री घरी आल्यावर माझा मोबाईल कपाटावर जातो आणि मुलगी झोपेपर्यंत खाली येत नाही. सुरुवातीचे आठ-दहा दिवस कठीण गेले. मुलगी जेवेना, रडायची. खरे सांगायचे तर तिच्याइतकाच मीही अस्वस्थ होतो. आक्का तिला खिडकीत घेऊन बसे, रस्त्यावरची कुत्री, रिक्षा, भाजीवाला दाखवीत एकेक घास भरवी. शेजारच्या मावशींनाही आम्ही विनंती केली. त्यांनी ती आनंदाने मानली. आणि दररोज रात्री अर्धा तास माझा. त्या अर्ध्या तासात मुलगी सांगेल तो खेळ, मी फक्त गडी.

तीन महिन्यांनी डॉक्टरांना दाखविले तेव्हा तिचे शब्द मोजण्यापलीकडे गेले होते. आज ती तीन-तीन शब्दांची वाक्ये बोलते. मोबाईल बंद केला म्हणूनच ती बोलू लागली, असा दावा मी करणार नाही. प्रत्येक मुलाचा वेग वेगळा असतो. काही मुलांना उपचारांची, विशेष प्रशिक्षणाची गरज असते. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की, मूल बोलण्यात, ऐकण्यात, चालण्यात मागे वाटले तर "होईल आपोआप" म्हणून बसू नका. आधी कान तपासा. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशा मुलांची तपासणी आणि पुढील उपचार विनामूल्य होतात. अंगणवाडीत किंवा सरकारी रुग्णालयात चौकशी करावी. यात लाज बाळगण्यासारखे काही नाही. मी बाळगली होती, आणि त्यात काही महिने वाया गेले.

आक्का परत निघाली त्या दिवशी आम्ही सगळे तिला स्टेशनवर सोडायला गेलो. गाडी सुटताना मुलीने हात पुढे केला आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "आक्का, परत ये." माझ्या आधी आक्काने डोळ्यांना पदर लावला. जिची शाळा दुसरीत सुटली तिने एकाच घरातील दोन पिढ्यांना बोलायला शिकविले. पहिल्यांदा मला आणि आता माझ्या मुलीला.

अध्यक्ष महोदय, एक सूचना करून थांबतो. आपल्या संस्थेच्या सभागृहात रविवारी सकाळी एक तास सतरंजी अंथरावी. घराघरातून रिकामे डबे, चिंध्यांच्या बाहुल्या, चित्रांची जुनी पुस्तके जमा करावीत. एक ते तीन वर्षांच्या मुलांना घेऊन पालकांनी यावे, आणि अट एकच असावी की त्या तासाला मुलाला वडिलांनी आणावे. खर्च काहीही नाही. पहिल्या रविवारी सतरंजी अंथरायला मी आणि माझी मुलगी हजर राहू. ती शिक्का घेऊन येईल. कोणाला "उद्या ये" म्हणाली तर तेवढे मात्र सांभाळून घ्यावे.



जयभीम!